परंपरेची खोटी साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यात गेल्या लग्नसराईत विवाहसंस्कार या विषयावर एक व्याख्यान झाले. व्याख्याते वयाने आणि व्यासंगाने वडीलधारे आहेत. त्यांचा नामनिर्देश करण्याचे मला प्रयोजन नाही, कारण त्यांनी जे सांगितले ते त्यांचे एकट्याचे मत नसून या तालुक्यातल्या बहुसंख्य घरांचे अलिखित मत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : लग्नाच्या वेळी कन्येने एकदा दिलेला होकार आयुष्यभराचा असतो, पतिपत्नींच्या एकांतात ‘दुखते का, नको वाटते का, थांबू का’ असली विचारपूस करणे हे परदेशातून आलेले खूळ आहे, स्त्रीच्या देहाला जी वेदना होते ती निसर्गाचीच योजना असून ती सोसण्यात तिची शोभा आहे, आणि असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणणारे लोक इतरांचे संसार मोडण्याचा उद्योग करतात. पुढच्या रांगांतून टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या स्त्रियांपैकी कोणी काही बोलले नाही, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थही होकार असाच लावला जाणार, हे मी पुरते जाणून असल्यामुळे हा प्रतिवाद लिहिणे मला भाग आहे.

माझी उभी नोकरी या भागातल्या खेड्यांतील उपकेंद्रांत परिचारिका म्हणून झाली. जी गोष्ट बायका आईला सांगत नाहीत, बहिणीला सांगत नाहीत, ती त्या पुष्कळदा नर्सबाईला सांगतात, आणि तीही लसीकरणाची गर्दी ओसरल्यावर, दाराआड उभे राहून. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार ग्रंथांपेक्षा त्या दाराआडच्या बोलण्यातून आलेला आहे. परंतु व्याख्यात्यांनी ग्रंथांची आणि परंपरेची साक्ष काढली असल्याने प्रथम त्या साक्षीचीच उलटतपासणी केली पाहिजे.

विवाहसमयीची संमती कायमची असते आणि पत्नीला ती मागे घेता येत नाही, हा सिद्धान्त आपल्या दंडविधानात कोणत्याही स्मृतीतून आलेला नाही. तो सर मॅथ्यू हेल नावाच्या सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीशाचा आहे. हेल १६७६ साली वारला, त्याचा ग्रंथ त्यानंतर साठ वर्षांनी, १७३६ साली, छापून निघाला, आणि त्यातील या एका मताच्या आधाराने इंग्लंडची न्यायालये पुढे अडीचशे वर्षे चालली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बलात्काराच्या कलमात पतीच्या पदरात जो अपवाद पडला, तो याच विचाराचे अपत्य होय. खुद्द इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९१ साली हा सिद्धान्त निकालात काढला; आपल्याकडे मात्र तो भारतीय न्याय संहितेच्या त्रेसष्टाव्या कलमात, पत्नी अठरा वर्षांची झालेली असली पाहिजे एवढ्या दुरुस्तीनिशी, १ जुलै २०२४ पासून पुन्हा नव्याने नांदू लागला आहे. ज्यांना परदेशी खुळाची एवढी चीड येते त्यांनी आपण कोणाच्या वतीने भांडत आहोत हे एकदा तपासून पाहावे.

रखमाबाईंच्या खटल्याची हकिकत याहून बोलकी आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावून दिलेल्या, परंतु त्याच्या घरी कधीच नांदावयास न गेलेल्या रखमाबाईंवर नवऱ्याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा २१ सप्टेंबर १८८५ रोजी तो फेटाळताना न्यायमूर्ती पिन्हे यांनी असा अभिप्राय दिला की, नाखूश स्त्रीला न्यायालयाच्या हुकमाने नवऱ्याच्या स्वाधीन करण्याचा हा प्रकार हिंदू धर्मशास्त्राला ठाऊक नव्हता, तो इंग्लंडातून येथे आणला गेला आहे. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये, महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, आणि त्या बावीस-तेवीस वर्षांच्या स्त्रीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटकडे त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. त्यांच्या विरुद्ध उठलेला कल्लोळ मात्र धर्मरक्षणाच्या नावाने झाला होता, आणि ज्या दाव्याच्या रक्षणासाठी तो झाला तो दावाच मुळी बाहेरून आणलेला होता.

आपल्या जुन्या ग्रंथांत बळजोरीला मुभा देणारी वचने नाहीत, असे मी म्हणणार नाही. ती आहेत आणि कठोर आहेत. परंतु परंपरा एकमुखी नव्हती, आणि या विषयावरचा जो प्रमाणग्रंथ म्हणून सारे जग मानते त्या वात्स्यायनाच्या कामसूत्राचे नाव घेणाऱ्यांनी तो निदान एकदा वाचला असता, तर त्या सभेतला निम्मा आवेश जागच्या जागी विरला असता. कामसूत्राच्या तिसऱ्या अधिकरणात नवविवाहितेचा विश्वास कसा संपादन करावा यासाठी एक सबंध अध्याय दिलेला आहे. विवाहानंतरच्या पहिल्या तीन रात्री दांपत्याने ब्रह्मचर्य पाळावे, भूमीवर निजावे. वराने कोणतीही गोष्ट बळाने करू नये. परक्या माणसाने विश्वास संपादन केल्यावाचून अंगचटीला जावे तर त्या मुलीच्या मनात भय बसते, त्या सुखाविषयीच तिटकारा उत्पन्न होतो, आणि पुढे ती नवऱ्याचा किंवा अवघ्या पुरुषजातीचा द्वेष करू लागते, असे तो स्वच्छ सांगतो. दुसऱ्या अधिकरणात, आवेगाच्या भरात पुरुषाला भान राहत नाही म्हणून तर त्याने स्त्रीची कोमलता, तिचा स्वभाव, तिचे बळ आणि स्वतःचेही बळ ओळखूनच वागले पाहिजे, अशी त्याची आज्ञा आहे. आणि ती न पाळणाऱ्यांचे काय होते याचे जे दाखले तो देतो त्यांत एक आपल्याच बाजूचा आहे. कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनाने एकांतात केलेल्या आघातामुळे महादेवी मलयवती मरण पावली, असे वात्स्यायनाने नावानिशी नोंदले आहे. सातवाहन हे पैठणचे राजकुल. ज्याच्या कुळाच्या नावाने आपण महाराष्ट्राच्या इतिहासाचा आरंभ सांगतो, त्या राजाची ही कैफियत दीड हजारांहून अधिक वर्षे शास्त्रग्रंथात निषेधाचे उदाहरण म्हणून उभी आहे. वात्स्यायन हा आजच्या अर्थाने स्त्रीस्वातंत्र्याचा कैवारी नव्हता, त्याचे पुष्कळसे सल्ले पुरुषाच्या सोयीचेच आहेत. तरीही जोडीदाराच्या देहाची नाजूकता ओळखणे हा त्याच्या लेखी शिष्टाचाराचा पाया होता. तेव्हा विचारपूस करणे परदेशी आणि न विचारणे देशी, ही व्याख्यात्यांची वाटणी कागदोपत्रीच टिकत नाही.

आता वेदना ही निसर्गाची योजना आहे, या विधानाकडे येते. माझ्या मते सबंध व्याख्यानातील सर्वांत घातक वाक्य हेच होते, कारण इतर विधाने फार तर मत बिघडवतात, हे विधान देह बिघडवते.

एकदा पूर्णाकाठच्या एका गावात, कापसाच्या ऐन वेचणीत, लग्नाला वर्षही न झालेली एक मुलगी माझ्याकडे ‘कमजोरीच्या गोळ्या’ मागायला आली. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांची अग्रे ओरबाडलेली होती, नखांच्या कडेने रक्त साकळलेले होते, आणि बसताना ती कमरेला हात लावून बसली. गोळ्या घेतल्यावरही ती उठेना. मग खाली पाहत म्हणाली, “बाई, रातच्याले लय दुखते. मायले सांगतलं तं ते म्हने, सारायचंच असं असते, सवय होईन.” मी तिला तपासले, तिला संसर्ग झालेला होता, आठवड्याभराच्या औषधाने बरा होणारा. तेवढ्या काळात तिला कोणीही ही साधी गोष्ट सांगितली नव्हती की वारंवार होणारी वेदना ही तक्रार आहे, आणि तक्रारीला इलाज असतो. तिचा नवरा बाहेर मोटारसायकलजवळ उभा होता. तिच्या संमतीने मी त्याला आत बोलावले आणि सारे समजावून सांगितले, तेव्हा तो पोरगा पांढराफटक पडला. “ते गप राहे,” तो म्हणाला, “मले वाटलं लाजते.”

या एका वाक्यात व्याख्यात्यांच्या उपदेशाचे फळ मला दिसते. तो मुलगा दुष्ट नव्हता. मुलीला गप्प राहायला शिकविले गेले होते, आणि मुलाला ते गप्प राहणे म्हणजे लज्जा, आणि लज्जा म्हणजे संमती, असे शिकविले गेले होते. दोघांच्या शिक्षणाची बेरीज होऊन एका घरात कित्येक महिने रोज रात्री यातना चालली, आणि त्या घरातील कोणालाही आपण काही वावगे करीत आहोत असे वाटले नाही.

वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते ते गुपित नाही. प्रथम मीलनाच्या वेळी थोडी अस्वस्थता काहींना होते, कित्येकींना मुळीच होत नाही, आणि जेव्हा तीव्र वेदना होते तेव्हा तिच्या मुळाशी बहुधा घाई, भीती आणि देहाची तयारी नसणे ही कारणे असतात. भयाने योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाणे ही ज्ञात व्याधी आहे; ती स्त्रीच्या हट्टाने होत नाही आणि जोर केल्याने वाढते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या देहात संप्रेरकांच्या बदलाने शुष्कता येते, रजोनिवृत्तीनंतरही येते. बाळंतपणातले टाके भरून येण्यास आठवडे लागतात, आणि त्या काळात, साधारण सहा आठवडे, थांबावे असे डॉक्टर सांगतात. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती भलत्या जागी वाढल्यानेही असह्य वेदना होते. आणि हे सारे बाजूला ठेवले तरी महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील नोंद आहे. खारपाणपट्ट्यातले क्षारयुक्त पाणी पिऊन, दिवसभर उन्हात वाकून, वेचणीचे ओझे डोक्यावर घेऊन घरी आलेल्या रक्तक्षयी बाईच्या अंगदुखीला निसर्गाची योजना म्हणणे, हे निसर्गावर आळ घेणे आहे.

वेदनेला पवित्र ठरविण्याच्या या वृत्तीतूनच पांढऱ्या चादरीवरचा रक्ताचा डाग पंचांपुढे मांडण्याची कंजारभाट समाजातील प्रथा निपजली. त्या समाजातल्याच तरुणांनी तिच्याविरुद्ध उठाव केला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कौमार्यचाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असे महाराष्ट्र शासनाला जाहीर करावे लागले. रक्त आले किंवा न आले यावरून कशाचाच निर्णय करता येत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. इतर समाजांनी त्या प्रथेकडे बोट दाखवून स्वतःला पुढारलेले समजू नये. चादर पंचांपुढे न मांडणाऱ्या पुष्कळ घरांतही सकाळी सासूची नजर चादरीकडे जातेच.

आणि या मार्गाच्या शेवटच्या टोकाला काय असते, तेही इतिहासाने दाखविले आहे. कलकत्त्यात १८९० साली हरी मोहन मैती या पस्तिशीच्या आसपासच्या माणसावर खटला झाला. दहा वर्षे उलटलेली त्याची पत्नी फुलमणी दासी त्याच्या संगाने झालेल्या जखमेने मरण पावली होती. संमतीचे वय तेव्हा दहा होते, म्हणून बलात्काराचा आरोप टिकेना. एक वर्षाची सक्तमजुरी एवढ्यावर प्रकरण मिटले. मग १८९१ च्या कायद्याने ते वय बारा झाले, आणि त्या दोन वर्षांच्या वाढीविरुद्ध आपल्याकडे, पुण्यात, केवढे रण माजले! त्या विरोधाचे अग्रणी लोकमान्य टिळक होते. परक्या सरकारने घरात हात घालू नये, ही त्यांची भूमिका मी समजू शकते, त्यांच्याविषयी माझा आदर यत्किंचितही उणा नाही. तरी त्या सबंध वादात फुलमणीच्या देहाविषयी जेवढे लिहिले जावयास हवे होते तेवढे लिहिले गेले नाही, हे दुःख मनातून जात नाही.

चव्हाट्याच्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही, कारण हा आक्षेप नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून मरणापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, आणि या सुखात स्त्रीचा वाटा पुरुषाच्या बरोबरीचा आहे हे ते सतत लिहीत राहिले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला तो वाचकांनी पाठविलेल्या खाजगी प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांबद्दल होता, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकांना दुखत होते, समजत नव्हते, म्हणून ते विचारीत होते, आणि उत्तर देणे हा गुन्हा ठरत होता. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्व्यांना दंड झाला, पण ज्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी बाबासाहेब उभे राहिले तो प्रश्न घाणेरडा होता असे म्हणण्याचे धाडस निदान या जिल्ह्यात कोणी करू नये. आणि याच जिल्ह्यात, बुलढाण्यास, उपआयुक्तांच्या कचेरीतल्या एका हेडक्लार्कच्या घरी वाढलेल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. सुरतेच्या एका तरुण विधवेवरील खटल्याचे निमित्त करून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक चालली होती, तिला दिलेले ते उत्तर होते. बायकांनी गप्प बसणे हीच येथील रीत, असे जे म्हणतात त्यांना बुलढाण्याची रीत ठाऊक नाही.

पुरुषांविषयीही बोलले पाहिजे, कारण त्यांच्या देहाचा विचार या उपदेशात कोणी करीतच नाही. रेल्वेने भुसावळकडून अकोल्याकडे येताना रुळालगतच्या भिंतींवर ज्या जाहिराती रंगविलेल्या दिसतात त्या साऱ्या ताकदीच्या आहेत. मर्दपणा म्हणजे जोर आणि जोर म्हणजे वेळ, एवढाच धडा तरुण मुलगा त्या भिंतींवरून आणि आता हातातल्या मोबाईलवरून शिकतो, आणि आपल्याला थकवा आला आहे, दुखते आहे किंवा आज मनच नाही, हे सांगण्याची मुभा त्यालाही राहत नाही. माझ्याकडे असेही पुरुष आले आहेत की ज्यांच्या साध्या दुखण्याची थट्टा त्यांच्या घरीच झाली होती. ‘नको’ म्हणण्याचा हक्क दोघांचा आहे, आणि तो ऐकून न रागावण्याचे कर्तव्यही दोघांचे आहे. मात्र आजवर सोसण्याचा उपदेश एकाच बाजूला झालेला असल्यामुळे विचारण्याची पहिली जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते, हे पुरुषांनी रागावून न जाता मान्य करावे.

कायद्याची भीती दाखवून घरातले वागणे बदलणार नाही, असे व्याख्याते म्हणाले, आणि येथे मी त्यांच्याशी अर्ध्या वाटेपर्यंत सहमत आहे. २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीने पतीचा अपवाद काढून टाकण्याची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही; ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी याच अपवादावर एकमेकांविरुद्ध निकाल दिले. माझ्या मते तो अपवाद जावयास हवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट शब्दांत नमूद आहे, आणि ज्या बाईला खरोखर दाद मागावयाची आहे तिला तो रस्ता आजही मोकळा आहे. परंतु बहुतेक बायकांना फिर्याद करावयाची नसते. त्यांना त्याच माणसाबरोबर, त्याच घरात, दुखल्यावाचून नांदावयाचे असते, आणि त्यासाठी त्या माणसाने विचारावे व ऐकावे लागते.

आता शेवटचा आक्षेप, जो सभेनंतर बाहेर चहाच्या टपरीवर मी ऐकला : एका खोलीत सासू-सासरे, दीर, पोरे, उन्हाळ्यात सारे घर अंगणात किंवा गच्चीवर निजते, तिथे मिळेल ती दहा मिनिटे चोरून घ्यावी लागतात, मग विचारपूस करावी कधी? या आक्षेपात खरे दुःख आहे, म्हणून त्याची टर उडवावीशी मला वाटत नाही. गरिबाच्या घरात एकांत नसतो, आणि घाई ही पुष्कळदा क्रौर्यापेक्षा भिंतीच्या अभावातून येते. पण विचारायला खोली लागत नाही. वावरात न्याहारी करताना विचारता येते, आठवडी बाजारातून परत येताना विचारता येते : रात्री दुखले का, कोणती गोष्ट नको वाटते, तंबाखूच्या खर्र्याचा वास सोसत नाही का, दाढी टोचते का, आज अंग दुखते आहे तर राहू द्यायचे का. खर्रा थुंकून चूळ भरणे, हात धुणे, नखे कापणे, तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवणे आणि तिचे अंग ताठ झाल्याचे कळताच जागच्या जागी थांबणे, यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. थांबल्यावर रुसून पाठ फिरवू नये, कारण पुढच्या खेपेला ती त्या पाठीच्या भीतीने गप्प राहील.

रोज रोज हेच विचारायचे का, असेही एकाने विचारले. होय, रोज, कारण देह रोज तोच नसतो. दिवाळीनंतरच्या वेचणीतला निराळा, अंगावर पाजणारा निराळा, पाळीच्या आधीचा निराळा. पन्नाशीच्या कितीतरी बायका मला सांगत, ‘आता ते होतच नाही, दुखते, पण नवऱ्याचे मन मोडवत नाही.’ त्या शुष्कतेला साधे मलम असते, ते स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात, आणि फरक पडण्यास काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत नवऱ्याने थांबावे, आणि दवाखान्यात तिला एकटीला न पाठवता बरोबर जाऊन डॉक्टरांचे सांगणे स्वतःच्या कानांनी ऐकावे.